निरोगी माणसांची यादी

बोंडो, मटाटू (मिनीबस) स्टँड
रविवार, १४ सप्टेंबर, दुपार

प्रिय आपियो,

अक्षर ओळखून कपाळाला आठ्या घालशील, तरी फाडू नकोस. मी बरा आहे. नैरोबीत अजून स्वेटर लागतो, इथे उतरल्याबरोबर शर्ट भिजला. गोठ्यावर नवे पत्रे घातलेले फाटकातून दिसले, छान झालंय. भाऊजींनी आत घेतलं नाही, काही ऐकूनही घेतलं नाही, याचा राग नाही. "ती भेटणार नाही. धाकट्या भावाच्या, ओकेलोच्या दफनाला बोललास तेवढं तिला जन्मभर पुरेल," म्हणाले. माझा फोन तर तू सहा महिने घेत नाहीस. म्हणून मासे तळणाऱ्या बाईकडून पेन मागून हे लिहितोय. तीच आणून देईल.

अवितीच्या मांडीचं हाड उद्या सकाळी बसवणार म्हणे. आंब्यावर चढली होती का? मामावर गेलीय पोरगी.

तू नेहमी विचारायचीस, "दिवसभर त्या पडद्याकडे बघत करतोस तरी काय?" मी चाळणी करतो, आपियो. माणसाच्या थुंकीतून त्याची जनुकं वाचली की लाखो फरक सापडतात. त्यातले निरुपद्रवी आधी गाळावे लागतात, नाहीतर डॉक्टर काय काय बघणार? नियम सोपा आहे. जो फरक धडधाकट माणसांत पुष्कळदा दिसतो, तो फेकून द्यायचा. पण जगाच्या याद्यांमधली धडधाकट माणसं बहुतेक युरोपातली. कंपनीला आपल्या लोकांची यादी हवी होती, तीही लवकर. आणि नेमके तेव्हाच बाबांच्या दफनाला दोनशे नातेवाईक जमले.

मी नळ्या घेऊन फिरत होतो ते आठवत असेल. आत्या म्हणाली होती, "मेल्या, लोक रडायला आलेत, थुंकायला नाही." तरी त्रेचाळीस जणांनी दिलं. सगळे ठणठणीत. एकाच घराण्याची माणसं अशा यादीत भरायची नसतात, हे आमच्याकडे पहिल्या वर्षी शिकवतात. मला चौदा वर्षं झालेली. मला कोण शिकवणार?

परवा शुक्रवारी शेजारच्या टेबलावरची वाम्बुई ती यादी तपासत होती. म्हणाली, "काय रे ओडोंगो, तुझ्या यादीत एवढे चुलतभाऊ कुठून आले? निवडणुकीला उभा राहतोयस का?" मी हसलो. मग तिच्या पडद्याकडे पाहिलं.

त्रेचाळीसांपैकी एकोणीस जणांत एकच फरक आहे. तो असलेला माणूस जन्मभर नांगर धरेल, पोरं वाढवेल, त्याला शिंकही येणार नाही. फक्त भुलीचा वायू छातीत गेला की जबडा आवळतो, अंग निखाऱ्यासारखं तापतं आणि थोड्या वेळात सगळं संपतं. आजोबा तसेच गेले. धाकटी आत्या तशीच गेली. या घरच्या रक्ताला चाकू सोसत नाही, असं आई म्हणायची, आणि मी तिला हसायचो.

ओकेलोच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी तूच अडून बसलीस, आधी तपासून घे म्हणून. मी त्याची नळी घेतली, अवितीचीही घेतली. दोघांत तो फरक होता. चाळणीने तो फेकून दिला, कारण आपल्या निरोगी काका-चुलत्यांत तो पुष्कळदा दिसला होता. दोन्ही रिपोर्टवर मी लिहिलं, काही दोष नाही. ओकेलोला म्हणालो, जा बिनधास्त.

आणि तो ऑपरेशनच्या टेबलावरच गेल्यावर सगळ्यांसमोर तुला अडाणी म्हणालो. शाप-बिप काही नसतो, हॉस्पिटल निष्काळजी होतं, म्हणालो. तू ते खरं मानलंस. म्हणूनच उद्यासाठी दुसरं हॉस्पिटल निवडलंस. आपियो, हॉस्पिटलचा काही दोष नव्हता.

ऑफिसात साहेब म्हणाले, वकील बघतील, तोवर बाहेर एक शब्द काढू नकोस. त्या चाळणीतून सहाशे अकरा रिपोर्ट गेलेत. मी रात्रीची गाडी पकडली.

आत्ता हॉस्पिटलातूनच येतोय. भूल देणारे डॉक्टर किसुमूला आहेत, उद्या सातला येतील, फोन लागत नाही. कारकुनाने अवितीची फाइल उघडून दाखवली. माझा रिपोर्ट वरच टाचलाय. "साहेब, मी या सहीचं ऐकू की तुमचं?" म्हणाला. मामाच्या सांगण्यावरून काही बदलत नाही, आईबापाने येऊन सांगावं लागतं.

मी सहापासून तिथल्या दारात असेन. पण मला आत सोडणार नाहीत, तुला सोडतील. डॉक्टरांना सांग, वायूची भूल नको, स्नायू ढिले करणारं ते नेहमीचं इंजेक्शनही नको. मागच्या पानावर औषधांची नावं लिहिली आहेत. शिरेतून देण्याची दुसरी भूल असते. ती तिथे नसेल तर पोरीला उचलून किसुमूला ने. हाड आठवडाभर थांबेल.

मला भाऊ म्हणू नकोस, उद्या माझ्याकडे बघूही नकोस. पण माझ्या त्या जुन्या कागदावर विश्वास ठेवू नकोस आणि याच्यावर ठेव. दोन्ही एकाच माणसाने लिहिलेत, आणि तुला यातला एक निवडायचाय.

ओकेलोला ज्याने टेबलावर पाठवलं, तो तुझा जुळा,
ओडोंगो