दिनेशचं ‘उघडं फाटक’

गंगापूर रोड, नाशिक
९ ऑगस्ट १९९७

ती. धनराजदादास,
आशाचा सा. न. वि. वि.

आईची तब्येत बरी आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू. टीव्हीवर ‘उघडं फाटक’ नावाची टेलिफिल्म लागणार असं पेपरात आलं आणि तिने घर डोक्यावर घेतलं. आपल्या दिनेशच्या एकांकिकेचंच नाव ना! गेल्या वर्षी वाचनालयात याच नावाची कादंबरी सापडली, तेव्हाही तिने माझ्याकडून दोनशे पानं वाचून घेतली होती. कुणाच्या तरी हाती दिन्याची वही लागली असेल, असं तिचं म्हणणं. या वेळी तर शेजारच्या मालनबाईंनाही बोलावलं. निघाली एका बंगल्याची आणि त्यातल्या कुत्र्याची गोष्ट. अर्ध्यातच म्हणाली, बंद कर गं, हे आपल्या दिन्याचं नाही. मग जेवलीच नाही.

त्याला जाऊन चार वर्षं झाली. स्पर्धेत प्रयोग एकदाच झाला, तेव्हा आई वहिनीच्या बाळंतपणाला तुमच्याकडे आणि मी नगरला. एकदा ती एकांकिका ऐकायची, एवढा एकच ध्यास तिला आहे. वही तुझ्याकडे असेल तर पाठव. आरोहीला पापा. उत्तर लिहायचा आळस केलास तर माया तेवढीच राहील, पण भांडेन.

तुझी आशा


रेल्वे क्वार्टर्स, मनमाड
२० ऑगस्ट १९९७

चि. आशास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घेऊन आठ दिवस ड्यूटी केली. वही नाही गं. गेलेल्याची आवडती वस्तू सोबत द्यावी म्हणतात, म्हणून रामकुंडावर अस्थींबरोबर मीच ती पाण्यात सोडली. त्याला तिच्याहून लाडकं काय होतं? दुसरी प्रत नाही हे मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ.

आणखी एक. प्रयोग मी पाहिला होता. घरी ड्यूटी सांगून आलो, शेवटच्या रांगेत बसलो. त्यात थोरला भाऊ धाकट्याला म्हणतो, नाटकं करायची तर या घरात पाऊल टाकू नकोस, आणि फाटकाला कुलूप घालतो. माझेच शब्द, आशा. नोकरीचा कॉल सोडून तो तालमीला गेला तेव्हा मी असंच केलं होतं. चारचौघांत त्याने माझी अब्रू काढली असं वाटलं आणि तिथूनच उठलो. पुढे दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाही. कावीळ झाल्याचं कळून दवाखान्यात धावलो तेव्हा त्याला शुद्ध नव्हती.

आईला सांगायची माझी छाती नाही. तू सांग. यानंतरही दादा म्हणावंसं वाटलं तर म्हण.

धनराज


नाशिक
१४ सप्टेंबर १९९७

ती. दादास,
सा. न.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, गंगेला दिलं ते परत कसं मागायचं? पण दुसऱ्या दिवशी तिनेच आठवण काढली, दिन्याच्या नाटकात थोरल्याचं काम करणारा सोमा कुठं असतो? शोधला. दिंडोरीत द्राक्षांच्या फवारणीचे पंप दुरुस्त करतो. त्याने आपली नक्कल जपून ठेवली होती. नटाला फक्त त्याचीच वाक्यं उतरवून देतात ना, ती. अकरा पानं, आपल्या दिन्याच्या अक्षरात. बाकी कुणाचं काही नाही, नुसती थोरल्या भावाची वाक्यं आणि कंसात त्याच्या हालचाली.

शेवटचं पान तुला लिहिते. धाकटा निघून गेलाय. थोरला कुलूप काढतो, विहिरीत फेकतो आणि पायरीवर बसून म्हणतो, ‘लहान्या, मला चुकलो म्हणता येत नाही रे. म्हणून फाटक उघडं ठेवलंय.’

दादा, आणखी दहा मिनिटं बसला असतास तर!

आई मला वाचू देत नाही. थोरल्याची वाक्यं थोरल्यानेच वाचायची, असं तिचं आहे. रोज दाराशी खुर्ची टाकून बसते. आता ये.

तुझीच, आशा


मनमाड
१९ सप्टेंबर १९९७

ती. आईस,
सा. न.

रविवारी पंचवटी एक्स्प्रेसने येतो. वाचताना आवाज फुटेल की नाही, सांगता येत नाही. पण या वेळी अर्ध्यातून उठणार नाही.

धना