विरजणाचा चमचा

न्यूनेन, परदेशी लेकाच्या घरी, १४ नोव्हेंबर २००५, संध्याकाळ

निखिलने आज घरी केलेल्या बिअरच्या पिंपाचं झाकण उघडलं, तर वर पांढरी साय. दुधावर येते तशी, सुरकुतलेली. वास घेऊन म्हणाला, "जंतू शिरलेत. वीस लिटर ओतून द्यायची आता." मग बायकोवर घसरला. "मुग्धा, तूच उघडलं असणार. किती वेळा सांगितलं?"

"हो, माझंच चुकलं," ती म्हणाली.

तिने नव्हतं उघडलं. मी उघडलं होतं, गेल्या मंगळवारी. हीटरजवळ ऊब असते म्हणून माझं दही पिंपाशेजारीच लागतं. दुधात विरजण ढवळलं आणि त्याच चमच्याने बिअरही ढवळून पाहिली. लेक एवढं काय करतो ते बघावंसं वाटलं, इतकंच. पण मघाशी मी गप्प का बसले?

शाळेत ख्रिश्चन मैत्रिणी चर्चमध्ये चुका कबूल करून, कन्फेशनहून हसत परतायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा.

नंतर मुग्धा चहा घेऊन वर आली. दह्याचा चमचा तिने त्याच दिवशी पिंपाच्या झाकणावर पाहिला होता म्हणे. "आई, तुम्ही काही बोलू नका. माझ्यावर ओरडायची त्याला सवय आहे."

किती सहज म्हणाली. त्या पांढऱ्या सायीपेक्षा मला आता या सवयीची भीती वाटतेय. कधीपासूनची? मला कशी दिसली नाही?

निखिल खाली पिंप घासतोय. पिंप मी उघडलं, हे मुग्धासमोरच सांगायला हवं, तिला ऐकू जाईल असं. जातेच.