खिरापतीचं खोबरं

॥ श्री ॥

नल्लकुंटा, हैदराबाद
भाद्रपद वद्य पंचमी, शुक्रवार
१२ सप्टेंबर २०२५

ती. सौ. इंदुवन्संना पद्मावतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावायचं सोडू नका. मामंजींचं श्राद्ध परवा तृतीयेला नीट पार पडलं. गुरुजी वेळेवर आले, खीर-वडे सगळं साग्रसंगीत केलं. हे पत्र कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे म्हणून हसू नका. कागद जाड आहे, शाई फुटत नाही, आणि गेल्या वर्षीच्या महिन्यांचं आता करायचं तरी काय?

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. माझा फोन वाजला की तुमचे भाऊ म्हणतात, "स्पीकरवर टाक, मलाही ऐकू दे." मग मी तुमच्याशी काय बोलणार? पाऊस आणि भाज्यांचे भाव!

प्रशांतचा फोन आला होता. दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या एका कंपनीला आपलं दुकान गोदामासाठी भाड्याने हवं आहे म्हणाला. "मामी, मामाचं वय झालं आता. आईची सही झाली की मी बघतो पुढचं." मामंजींनी अर्धं दुकान तुमच्या नावे ठेवलं, तेव्हा सही तुमची लागणार हे खरंच. तुम्ही अजून हो-नाही काही कळवलेलं नाही असं तो म्हणाला. म्हणून म्हटलं, तुम्ही उत्तर देण्याआधी इकडची खरी परिस्थिती तुम्हाला कळावी.

दुकान चालतं आहे. म्हणजे, चालत होतं. गच्चीबावलीकडची ती कंप्युटरवाली पोरं रविवारी गाड्या घेऊन येतात. मृण्मयी नावाची एक पुण्याची मुलगी तर आमसुलं, खपली गहू, भाजणी, मेतकूट सगळं आपल्याकडूनच नेते. गेल्या रविवारी म्हणाली, "काकू, तुमच्या दुकानात आलं की आईच्या स्वयंपाकघराचा वास येतो." मी बरं म्हणून हसले आणि आत येऊन रडले. का, ते सांगते.

ज्येष्ठात ह्यांना ताप आला होता ना, तेव्हापासून ह्यांना वास येत नाही.

लिहून टाकलं एकदाचं. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते दुधावरून. दूध उतू जाऊन करपलं, माडीवरची तेलुगू बाई "अक्का, काय जळालं?" म्हणून जिना उतरून आली, आणि हे स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पेपर वाचत होते. मी म्हटलं, "अहो, वास नाही आला?" तर म्हणे, "सर्दी आहे." सर्दी काय, तीन महिने! तारनाक्याच्या डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले. काय म्हणाले विचारलं तर, "नाकात सूज आहे, उतरेल." पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध एकही नव्हतं. मी मॅट्रिक झालेली आहे, चिठ्ठी वाचता येते मला.

वन्सं, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपलं दुकान तराजूवर कधी चाललंच नाही, नाकावर चाललं. नवं पोतं उघडलं की मामंजी मूठभर माल तळव्यावर चोळायचे आणि हुंगायचे. पसंत पडला तर पहिलं माप देवाच्या वाटीत, मग गिऱ्हाइकाला. देवाच्या आधी कोणी चाखायचं नाही, म्हणून सगळी भिस्त वासावर. ते गेल्यावर हे तसंच करत आले. अजूनही करतात. पोतं उघडतात, चोळतात, नाकाशी नेतात, डोळे मिटून "वा!" म्हणतात. नाटक! आणि मी पडद्याआड उभी राहून ते बघायचं.

गणपतीत काय झालं ते तुमच्या कानावर आलं असेल. नसेल तर ऐका. मंडळाच्या खिरापतीचं खोबरं दरवर्षी आपलंच. मी किसायला घेतलं तर वास आलाच, खवट. म्हटलं, "अहो, हे नको, दुसरं काढा." ह्यांनी चिमूट उचलून नाकाशी धरली. "काय घमघमाट आहे! तुला आताशा सगळ्यातच वास येतो." देवाच्या कामात वाद नको म्हणून मी गप्प बसले. चाखून दाखवायचं तर नैवेद्याच्या आधी चाखणार कशी?

आरती झाली, खिरापत वाटली. कुसुमताई मंडळात सगळ्यांत मोठ्या, त्यांनी तोंडात टाकली आणि तळहातावर काढली. "गिरीश, अरे हे खोबरं आहे की अंगाचा साबण?"

सगळे हसले. हे हसून सोडून देते तर मिटलं असतं. पण नाही! "कुसुमताई, दाताच्या डॉक्टरकडे दातांबरोबर चवही काढून आलात वाटतं!"

मग कोणी हसलं नाही. खिरापतीचं ताट तसंच्या तसं परत आलं. देवापुढचं ते, टाकायचं कुठे? मी झाडाच्या बुडाशी घातलं आणि मनातल्या मनात नाक घासलं. दुसऱ्या दिवशी कुसुमताईंचा निरोप आला की नवरात्राचं उपासाचं सामान यंदा मंडळ "बघून ठरवेल". साठ-पासष्ट वर्षांत असा निरोप आला नव्हता, वन्सं. नऊ दिवसांचं व्रत लोक आपल्या भगरीवर आणि राजगिऱ्यावर करतात.

आता मी काय केलं ते सांगते. रागवायचं तर रागवा.

दुपारी जेवून हे झोपले की मी किल्ली घेऊन दुकानात उतरायचे. शटर बंदच ठेवून, मागच्या दाराने. एकेक पोतं उघडायचं, वास घ्यायचा आणि चाखायचंसुद्धा. हो, देवाच्या आधी. पहिल्या दिवशी आधी देवघरात जाऊन सांगितलं, तुला खवट खाऊ घालण्यापेक्षा माझी उष्टी जीभ परवडली, काय शिक्षा करायची ती कर. दाण्यांचं एक अख्खं पोतं खराब निघालं. हमालाला बोलावून बेगमबाजारात परत पाठवलं. सांगितलं, "शेठने बोला है, वापस लो."

झालं! संध्याकाळी तिकडच्या व्यापाऱ्याचा ह्यांना फोन. स्पीकरवरच होता, मी पोळ्या लाटत होते. "शेठ, मान गए! पूरा बोरा ऊपर से अच्छा था, नीचे से खराब. आपकी नाक है के क्या है!"

आणि हे काय म्हणाले असतील? "अरे भाई, खानदानी नाक है." फोन ठेवून माझ्याकडे वळले. "पाहिलंस? अजून दरारा आहे."

माझ्या हातातलं लाटणं मी खाली ठेवलं, एवढंच सांगते.

रात्रभर विचार करत होते की ह्यांना कळलं की नाही. पोतं आपण पाठवलं नाही, हे तर ह्यांना ठाऊकच असणार ना? दुसऱ्या दुपारी उत्तर मिळालं. जेवण झालं, ह्यांनी खुंटीवरची किल्ली काढली, उशीखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला ओरडले असते तरी चाललं असतं. मी म्हणाले असते, "तुमची लाज मी राखते आहे आणि किल्ली माझ्यापासून लपवता?" पण भिंतीकडे वळलेल्या माणसाशी कोण भांडणार?

पुढच्या शुक्रवारी नवरात्राचा माल येतो आहे. भगर, राजगिरा, दाणे, साबुदाणा, खोबरं. हे पुन्हा हुंगून "वा" म्हणणार, आणि तेच लोकांच्या उपासाच्या ताटात जाणार. एकदा साबण म्हणाले, दुसऱ्यांदा काही म्हणायलासुद्धा येणार नाहीत. प्रशांतच्या कंपनीची मग गरज नाही, दुकान आपोआपच रिकामं होईल.

मी एकदा धीर करून म्हटलं होतं, "माल येईल तेव्हा मी बसते गादीवर तुमच्याजवळ." तर म्हणाले, "आपल्या घरात सुना दुकानात बसत नाहीत. बाबांनी कधी बसवलं का?" नाही बसवलं. चाळीस वर्षं मी वर भाजणी भाजली, मसाले कुटले, हिशेब लिहिले, आणि खाली गादीवर एकदा टेकले नाही. पण तुम्ही? शाळेतून आलात की मामंजींच्या शेजारी बसून गूळ फोडायचात, पुड्या बांधायचात. तुम्हीच सांगितलं आहे मला. लेकीला चालत होतं. मग अडतं ते बाईपणावर नव्हे, सून असण्यावर. त्याचा मला जास्त राग येतो.

म्हणून आता मागते. लग्नानंतर तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही, लुगडंसुद्धा.

त्या अर्ध्या हिश्शासाठी तुम्ही आजवर एक पैसा मागितला नाहीत, हे मला ठाऊक आहे. यंदा तो हक्क वापरा. भावाला कळवा की माझ्या हिश्शाच्या वतीने पद्मावती गादीवर बसेल. माझ्यासाठी ते हलणार नाहीत, तुमचा शब्द मोडायची मात्र त्यांची छाती नाही. वासाचं त्यात एक अक्षरही नको. ते त्यांना ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. बाहेर कोणाला कळायची गरज नाही, प्रशांतला तर नाहीच. हे गल्ल्याशी बसोत, गिऱ्हाइकांशी बोलोत. बोलणं त्यांच्यासारखं मला जमायचं नाही. पोती मी उघडीन.

आणि तुमचं मन प्रशांतकडे झुकत असेल तर तसंही कळवा. मी आडवी येणार नाही. पण मग शुक्रवारचा माल उतरायच्या आत कळवा, म्हणजे मी मंडळाला सांगेन की यंदा दुसरीकडून घ्या. आपल्या नावावर कोणाचं व्रत मोडायला नको.

उत्तर फोनवर देऊ नका. पत्र कुरिअरने पाठवा, खर्च जास्त होईल पण होऊ दे. पत्ता घराचा घालू नका. दुकानाचा घाला, आणि वर माझं नाव लिहा. दुकानाच्या पत्त्यावर माझ्या नावाने आजवर काही आलेलं नाही. ते ह्यांच्या हातात पडेल, आणि ते ह्यांनाच उघडू दे.

तुमच्या हिश्शाची वाट पाहणारी,
पद्मावती