कपाटातलं डेटा सेंटर

३ जानेवारी
संकल्प. यापुढे घरातली एकही गोष्ट परक्यांच्या कंप्युटरवर ठेवायची नाही. फोटो, पासवर्ड, सगळं आपल्या घरात, आपल्या सर्व्हरवर. ऑफिसनं भंगारात काढलेला कंप्युटर मिळाला. सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे जगभरच्या भल्या माणसांनी फुकट वाटलेलं. एवढं सगळं सांगितल्यावर बायकोनं विचारलं, ठेवणार कुठे? हिला मोठा विचार म्हणून करता येत नाही.

४ जानेवारी
कपड्यांच्या कपाटात खालचा खण मोकळा केला. सर्व्हर तिथे बसला. जरा तापतो, पण चालायचंच. कपाटाला आता डेटा सेंटर म्हणायचं, असं घरात जाहीर केलं. आई म्हणाली, म्हण बापडा, पण टॉवेल कुठे ठेवू?

९ जानेवारी
चालू झाला!! मी अक्षरशः नाचलो. मुलीला बोलावून दाखवलं. तिनं विचारलं, यात काय दिसतं? हिरवा दिवा दिसतो. मी बराच वेळ बघत बसलो. ती लगेच उठून गेली. या पिढीत चिकाटी कमी.

१५ जानेवारी
मुलीच्या जन्मापासूनचे सगळे फोटो सर्व्हरवर आणले. बायकोला सांगितलं, आता फोटोंचं ते जुनं ऑनलाइन खातं बंद करून टाक. ती हो म्हणाली. ओपन सोर्सवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवर कुणीतरी विचारलं, बॅकअप आहे का? आहे म्हटलं. त्याच डिस्कवर, दुसऱ्या फोल्डरमध्ये. मी काही कच्चा गडी नाही.

१९ जानेवारी
आज सुरक्षा. डिस्कला कुलूप लावलं. पासवर्ड इतका लांब, की मलासुद्धा पाठ होणार नाही. पासवर्ड ठेवायची तिजोरी म्हणून एक झकास ओपन सोर्स प्रोग्राम आहे, त्यात ठेवून दिला. तिजोरी अर्थात आपल्याच सर्व्हरवर. चोर आला तर डोकं धरून बसेल.

२५ जानेवारी
रविवारी आईचा सत्तरावा वाढदिवस. मामा, मावशी, सगळे येणार. जाहीर करून टाकलं: टीव्हीवर फोटो, थेट आमच्या डेटा सेंटरमधून! मामांना फोन करून वेगळं सांगितलं.

२८ जानेवारी
आईनं इस्त्री लावायला सर्व्हरचा प्लग काढला. हरकत नाही. पुन्हा लावला. सर्व्हर पासवर्ड मागतोय. पासवर्ड तिजोरीत आहे. तिजोरी सर्व्हरवर आहे.

२८ जानेवारी, संध्याकाळ
वरचं पुन्हा वाचलं. डोकं धरून बसलो आहे.

२९ जानेवारी
आठवतील तेवढी अक्षरं टाकून पाहिली. फोरमवर विचारलं. उत्तरादाखल एकानं फक्त 'अरेरे' लिहिलं. बॅकअपही कुलपाच्या आतच. घरी सांगितलं, अपग्रेड चालू आहे. मुलीचं पहिलं पाऊल, दात पडल्यावरचं ते हसू, सगळं त्या खणात अडकलंय. शेवटी सर्व्हर बंद करून ठेवला. घरात मात्र कुणीच काही विचारत नाही. केवढा हा विश्वास.

३१ जानेवारी
पाहुणे हॉलमध्ये, टीव्ही समोर, मामा चष्मा पुसून तयार. बायकोला स्वयंपाकघरात गाठून सगळं कबूल केलं. तिनं हात पुसले, बाहेर जाऊन फोन टीव्हीला जोडला आणि फोटो सुरू झाले. पहिलं पाऊल, दात, सगळे.
मी विचारलं, खातं बंद केलं नव्हतंस?
"तू बंद कर म्हणालास, मी हो म्हणाले. केलं असं कुठे म्हणाले?"
मला रडूच आलं. मावशीला वाटलं, फोटो बघून. मामांनी डेटा सेंटरचं फार कौतुक केलं. मी थँक यू म्हणालो.

२ फेब्रुवारी
सर्व्हर बंद आहे हे अखेर कुणाच्या तरी लक्षात आलं. आई विचारत आली, तुझं ते यंत्र बिघडलंय का रे, माझे मोजे ओलेच राहतायत. खण उघडून पाहिलं. सर्व्हरच्या मागच्या बाजूला, गरम हवा येते तिथे, मोज्यांचे जोड नीट ओळीनं मांडलेले.
डिस्क पुसली. सर्व्हर पहिल्यापासून चालू केला. आत काहीही नाही. हिरवा दिवा लागला.
जेवणानंतर आईनं येऊन सांगितलं, मोजे वाळले.