जिवंत माणसाच्या फोटोला हार

आई, गोल्फ नावाचा एक खेळ असतो. तुला तो ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मलाही तीन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हता. मोठ्या हिरव्या मैदानात माणूस काठीने एक लहानसा पांढरा चेंडू मारतो, त्याच्यामागे चालत जातो, पुन्हा मारतो, आणि शेवटी तो एका भोकात घालतो. किती फटक्यांत घालायचा ते आधीच ठरलेलं असतं. त्यातला एक फटका वाचला की त्याला बर्डी म्हणतात. दूर देशात असा एक खेळाडू आहे. खेळणं हाच त्याचा व्यवसाय. दर बर्डीमागे तो एका लेकराच्या जोड्यांची सोय करतो. ज्या लेकरांचे पाय जन्मतःच आत वळलेले असतात, त्यांच्यासाठी हे जोडे. म्हणजे तुझ्यासारख्या पायांसाठी.

ते जोडे अकोल्याला आमच्या दवाखान्यात येतात. दहावीत गणित दोनदा राहिलं, मग मी शाळा सोडली, आणि बऱ्याच वर्षांनी अक्षर बरं म्हणून इथे लागलो. मी कार्डं लिहितो, पायांचे फोटो लावतो, पुढची तारीख सांगतो आणि ती बरोबर लिहिली का ते पुन्हा पाहतो. सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरतो आणि वाटेत मोबाइलवर त्याचा खेळ पाहतो. त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं आहे. तो म्हाताऱ्या घोड्यांच्या तबेल्याला मदत करतो, मधमाश्यांसाठी झाडं लावतो, एका शाळेचं वाचनालय चालवतो. घोडे, मधमाश्या, पुस्तकं आणि पाय. हे चारच का, ते कुठेच लिहिलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "देणाऱ्याला का देतो म्हणून विचारू नये." पण मला ते सुटत नाही. कुणाचा तरी पाय त्याने जवळून पाहिला असेल, असं मला वाटतं.

मी तुझा पाहिला नाही. तू पाहू दिलाच नाहीस. अमरावतीच्या बाजारात तू पोत्यावर बसायचीस, लुगडं पावलांवरून ओढून घ्यायचीस आणि शेवंतीच्या माळा ओवायचीस. मी सहावीत असेन. एकदा तुझा दोरा खाली पडला, तो उचलायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. तू माझी हनुवटी धरून वर केलीस. "तिकडे काय पाहून राहिला? गिऱ्हाईक इकडे हाये." आवाज चढलेला नव्हता, तरी मी पुन्हा कधी खाली पाहिलं नाही. घरात ओटा बांधलेला होता, पण शेगडी कायम जमिनीवर. मला वाटायचं तुझी सवयच तशी. उभं राहून स्वयंपाक करताना पाय दुखतो, हे मला दवाखान्यात एका आईकडून कळलं, तू गेल्यावर दहा वर्षांनी. आता सहा प्लास्टर घालतात, दर आठवड्याला एक. पाय थोडा थोडा सरळ होतो. मग पट्टीने जोडलेले जोडे, आधी दिवसरात्र, नंतर फक्त झोपेत, चार वर्षांचं होईपर्यंत. मधेच सोडले तर पाय परत वळतो.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या खेळाडूच्या संस्थेचा माणूस मुंबईहून येणार होता. भिंतीवर खेळाडूचा फोटो आहे, काठी खांद्यावर घेतलेला. मी आदल्या दिवशी शेवंती आणली, तू शिकवलीस तशी पाकळी न मोडता हार ओवला आणि फोटोला घातला. सत्काराला आपण हारच घालतो ना. त्याचा गळा इथे नव्हता, फोटो होता. एवढाच विचार मी केला. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, मोबाइलवर फोटो टिपून गेले. दुपारी झाडणारी मावशी फडा टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "कवा गेले हे? चांगलं मानूस होतं." मी धावत जाऊन हार काढला. पण सकाळची ओपीडी होऊन गेली होती.

तेल्हाऱ्याकडून आजीबरोबर आलेल्या एका लेकराचे जोडे त्या दिवशी लहान झालेले होते. मोठे पुढच्या गुरुवारी मिळणार, असं मीच कार्डावर लिहिलं होतं. तो गुरुवार गेला. त्याच्या पुढचाही गेला. फोन कुणी उचलेना. मी पायाचे जुने फोटो काढून पाहत बसलो. पाच महिन्यांत इतका सरळ झालेला पाय, आणि तारखेपुढे माझीच कोरी चौकट. रविवारी मोठे जोडे पिशवीत घालून एसटीत बसलो.

लेकराची आई वावरात गेली होती. आजी अंगणात होती, लेकरू मांडीवर, अनवाणी. डावं पाऊल पुन्हा किंचित आत. जुने जोडे फळीवर पुसून ठेवलेले.

"काहून नाही आल्या आजी?"

"येऊन काय करू? देनारा त गेला. फोटोले हार होता नं."

"गेला नाही. खेळून राहिला तो. परवाच खेळला."

"मंग हार कोनं घातला?"

"मी."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जित्या मान्साले? अन् त्या दिवशी मोठा सांगे, आमचा फुलाचा धंदा होता म्हनून. घरी कोनी शिकवलं नाही तुले?"

मी मोबाइल काढून तिला खेळ दाखवला. तो चेंडूमागे चालत होता. तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"एवढ्या मोठ्या वावरात काय पेरलं?"

"काही नाही. गवतच हाये."

"अन् ढोरं?"

"ढोरं नाहीत."

"येडाच हाये मंग," ती म्हणाली. "पन चालून राहिला बाप्पा." आणि लेकराचा पाय तिने माझ्यापुढे केला. जोडे मी घातले, टाच खाली टेकली की नाही ते दोनदा पाहून. पाऊल एवढंसंच होतं, तळहातात मावेल असं. मला किती वेळ लागला कोण जाणे. पट्टी बसली तशी आजीने विचारलं, "तू रविवारचा इतक्या दूर आला. तुह्या घरी होतं काय कोनाचं असं?"

"आईचं."

तीन वर्षांत हे मी दवाखान्यात कुणाला सांगितलेलं नाही.

"कोनता पाय?"

"डावा," मी म्हणालो.

लेकरू पुढच्या गुरुवारी आलं. दोन प्लास्टर पुन्हा घालावी लागली, पण पाय येतो आहे वळणावर, डॉक्टर म्हणाले. त्या खेळाडूला मी पत्र लिहायला घेतलं होतं, तुझ्या पायाबद्दल सांगायला आणि त्याने कुणाचा पाहिला ते विचारायला. ते सोडून हे तुला लिहीत बसलो. हेही कुठे टाकायचं नाही. आई, मी डावा म्हणालो, कारण माझ्या हातात त्या वेळी लेकराचा डावा होता. तुझा कोणता होता, ते मला माहीत नाही. बाजारातून घरी येताना मी तुझ्यामागेच चालायचो. आता डोळे मिटून आठवून पाहतो, तर लुगड्याचा काठ कधी या बाजूने हलतो, कधी त्या.