अक्काला दिलेली सळई

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि मी अजून अक्काचा हेवा करतो. परवा कारखान्यातून निवृत्त झालो. माझं काम काय होतं हे तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. उंच लोखंडी टाकीत खड्यांचा थर असतो, खालून तापलेला वायू सोडतात, आणि तो वर चढताना कुठल्या खड्याला किती उष्णता मिळेल हे काम सुरू होण्याआधी कागदावर सांगायचं. निरोपाच्या दिवशी साहेबांनी माझ्या अंदाजांचं कौतुक केलं. टाळ्या वाजत होत्या आणि मला परंड्याची आपली चुन्याची भट्टी दिसत होती. काठावर अक्का वाकलेली, तुम्ही तिच्या शेजारी. मी खाली उन्हात.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मी धाराशिवला उर्दू शाळेत होतो, तिथंच राहायचो. अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लग्नानंतर सहा महिन्यांत नवरा तापानं गेला म्हणून ती परत आलेली. तिनं आता घरात कोपरा धरून बसावं असं सगळ्या भावकीचं म्हणणं. तुम्ही तिला भट्टीवर नेलंत. आधी चुनखडी निवडायला, मग थर रचायला. एक थर चुनखडीचा, एक कोळशाचा, पुन्हा चुनखडीचा. खडे सारखेच हवेत, बारीक भुगा चाळून टाकायचा, नाहीतर मधल्या वाटा बुजतात आणि हवा एकाच बाजूनं पळते. तुम्ही हे सांगत होता तेव्हा सुट्टीला आलेला मीही तिथंच उभा होतो. पण सांगत होता तिला.

एका दिवाळीत तुम्ही माझ्यासाठी कुर्डुवाडीहून फाउंटन पेन आणलंत. गावात कुणाकडं तसलं पेन नव्हतं. ते खिशाला लावून मी ऐटीत भट्टीवर आलो, तर तुमची लांब सळई अक्काच्या हातात. ती सळई तुम्ही कुणाला शिवू देत नव्हता. अक्का ती थरांतून खाली खुपसते, शंभरपर्यंत मोजते, उपसून काढते आणि गालाजवळून हळूहळू सरकवत नेते. कुठवर धग लागते ते बघून सांगते, "आबा, आग निम्म्यावर आलीया. परवा दुपारपत्तूर वर येईल." तुम्ही सळईकडं न बघताच मान हलवता. माझा शाळेचा निकाल मात्र तुम्ही दरवेळी दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्यायचात.

पुढच्या उन्हाळ्यात मी सतरा वर्षांचा होतो. मोठ्या बांधकामाचा ठेका घेतलेल्या एका गुत्तेदारानं चुना आपल्याकडं सांगितला होता. थर भरून झाले, आग लागली, आणि तुम्हाला दोन दिवस बार्शीला जावं लागलं. भट्टी तुम्ही अक्काच्या हवाली केलीत. मला म्हणालात, "तू वाचत बस. तुझं काम न्हाय हे." मायेनंच म्हणाला असाल. मला ते झोंबलं.

वारा पश्चिमेचा होता, म्हणून अक्कानं भट्टीच्या पायथ्याचं त्या बाजूचं हवेचं भोक दगड लावून निम्मं बुजवलं होतं. मी वहीत गणित मांडलं. जास्त हवा, जास्त आग, चुना एक दिवस आधी तयार. ते तिच्यापुढं धरलं. तिनं नीट बघितलं आणि विचारलं, "तुझ्या वहीत वारा कुठंय रे?" ती चेष्टा करत नव्हती, खरंच विचारत होती. ती जेवायला घरी गेल्यावर मी भोकातले दगड काढले. समोरचा एक तेवढा जागच्या जागी ठेवला, तिला दिसू नये म्हणून.

तुम्ही आलात तेव्हा गडी भट्टी उपसत होते. पश्चिमेचे खडे करपलेले. पूर्वेचे खडे गुत्तेदाराच्या माणसानं पाण्यात टाकले. ते फुगले नाहीत, फुटले नाहीत, तळाशी कच्चेच, जसेच्या तसे पडून राहिले. तुम्ही उकिडवे बसून भोकात हात घातलात आणि समोरच्या दगडामागची मोकळी जागा चाचपलीत.

"भोक कुणी उघडलं?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "म्याच उघडलं, आबा. लवकर व्हावं म्हणून."

"लोक सांगत हुते, बाईच्या हातात आग दिऊ नगस. म्या ऐकलं न्हाय," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. "उद्यापास्नं वर चढू नगस."

दोन वर्षं ती भट्टीकडं फिरकली नाही. मला वाटलं होतं, आता तुम्ही मला हाक माराल. तुम्ही एकटेच वर चढत राहिलात आणि मी हैदराबादला शिकायला गेलो. धुरानं तुमची छाती धरली तेव्हा तुम्ही तिलाच परत बोलावलंत. पुढं वीस वर्षं तिनं भट्टी चालवली. तिच्या हातचा चुना कधी कच्चा निघाला नाही, असं म्हातारे गवंडी अजून सांगतात. माझी गणितं कैकदा चुकली. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी तिच्याजवळ ते भोकाचं कबूल केलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. "मला तवाच ठाव हुतं. आबांनी तुला शाळेतनं काढलं असतं," म्हणाली. मला हलकं वाटायला हवं होतं. तिला इतक्या सहज माफ करता येतं, याचाच हेवा वाटला.

तुम्ही गेलात तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अक्का दारात उभी होती. रडण्याआधी मी तिला विचारलं, "शेवटी कुणाचं नाव घेतलं?" ती म्हणाली, "तुझंच." शेजारच्या काकूंकडून नंतर कळलं की शेवटचे दोन दिवस तुम्हाला शुद्धच नव्हती. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून इथं खरं ते लिहितो. अक्का माझ्यासाठी खोटं बोलली हे मला माहीत आहे, आणि लोकांत तुमचा विषय निघाला की मी अजूनही तिच्यादेखत सांगतो, आबांनी शेवटी माझं नाव घेतलं.