काडतुसांचं यंत्र आणि वाटीभर रवा

शनि. १३ सप्टें. १९८६
॥ श्री ॥
आज आलं: यांचं पिस्तूल-क्लबाचं कार्ड, १८ डॉलर. काडतुसांची पेटी, ११.४०. काडतुसं घरी भरायच्या यंत्रांचे कॅटलॉग तीन, फुकट.
पेटी एका शनिवारात संपते, नुसत्या कागदाला भोकं पाडण्यात. पण मी बोलत नाही. फॅक्टरी बंद झाल्यापासून हे दुपारपर्यंत सोफ्यावर पडून असायचे. शेजारचा वॉल्टर क्लबात न्यायला लागल्यापासून शनिवारी लवकर उठतात, दाढी करतात, शीळ घालतात. माझी अट एकच, जिवावर नेम धरायचा नाही. ती पाळतात.
वॉल्टर म्हणतो, उडवून झालेली पितळी पुंगळी टाकू नका. तीच परत भरता येते, निम्म्याहून कमी खर्चात. हे हसत म्हणाले, हिशेब तू ठेवतेस, यंत्र तूच निवड.
चेष्टेत म्हणाले. मी कॅटलॉग उचलून स्वयंपाकघरात आणले.

सोम. १५ सप्टें.
कुकर लावून कॅटलॉग वाचतेय, डिक्शनरी शेजारी. चित्र बघितलं आणि हसूच आलं. हा तर आपला सोऱ्या! चकती बदलावी तसा साचा बदलायचा. एका साच्याने बुडाची उडालेली ठिणगी-टोपी निघते, दुसऱ्याने पुंगळीचं तोंड सैल होतं, तिसऱ्याने गोळी बसते. दांडा म्हणजे तरफ. मॅट्रिकला टेकू, भार, बल पाठ केलं होतं, ते इतक्या वर्षांनी इथे व्हर्जिनियात उपयोगी.
दोन जाती. एक साधं, एका वेळी एकच काम करणारं. दुसरं गोल फिरणारं, सगळे साचे एकदम बसवलेले. दांडा ओढला की तयार काडतूस डब्यात. किंमत तिप्पट. यांचं बोट त्याच्यावरच.
लेकीचा, विद्याचा, हॉस्टेलवरून फोन. यंत्राचं सांगितलं तर म्हणते, "मा, पीपल ब्लो देअर हँड्स ऑफ." म्हटलं, कुकरही फुटतो, म्हणून वरण सोडलं का?
बोलून गेले खरी. फोन ठेवल्यावर शिट्टीकडेच लक्ष.

शनि. २० सप्टें.
पितृपक्ष लागला. दुकानात सेल महिनाअखेरपर्यंत, पण या पंधरवड्यात घरात नवी वस्तू नाही. हे वैतागले, वॉल्टरला काय सांगू म्हणाले. मीच कुंपणाशी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, माझी आई शुक्रवारी कुठलं नवं काम धरायची नाही. संपला विषय.
जाताना रिकाम्या पुंगळ्यांनी भरलेला कॉफीचा डबा दिला. काळ्याकुट्ट, मातीतल्या.

मंगळ. २३ सप्टें.
देवाची भांडी घासायला चिंच भिजवली होती. पितळ ते पितळ. पुंगळ्याही त्यातच टाकल्या, चोळून काढल्या. निरांजनाशेजारी अशा झळकल्या की वाटलं, नैवेद्यच दाखवावा.
वॉल्टर बघून थक्क. इतकी वर्षं भरतोय, इतकं स्वच्छ पितळ पाहिलं नाही म्हणाला. मग एक पुंगळी उचलून तळहातावर आपटली. आतून पाण्याचा थेंब. आत ओल राहिली तर दारू बाद होते. माझ्या लक्षातच नाही! भांडं पुसून ठेवायची सवय, पण या बोटभर पुंगळीत फडकं जाणार कसं?
धोतराच्या पानावर अंगणात वाळत घातल्या, कुरडया घालतो तशा. खार आली, हुंगून गेली.

शुक्र. २६ सप्टें.
वॉल्टरच्या गराजमध्ये गेलो. त्याचं यंत्र जुनं, साधं, ओतीव लोखंडाचं. दांडा मला ओढू दिला. मऊ जातो, शेवटी जरा जड. मजा वाटली. हे उभे राहून "दॅट्स टू स्लो, वॉल्टर" म्हणत होते.
मी वॉल्टरला विचारलं, भीती कशाची? पेटीवरच्या चेतावण्या वाचून दाखवेल वाटलं होतं. तो म्हणाला, एकाच पुंगळीत दारूचं माप दोनदा पडण्याची. पुंगळी उंच, माप लहान, दुप्पट पडलं तरी बाहेरून कळत नाही. कळतं ते हातात पिस्तूल असताना. म्हणून तो सगळ्या पुंगळ्या लाकडी फळीच्या भोकांत ओळीने उभ्या करतो आणि गोळी बसवण्याआधी टॉर्चने एकेकीत डोकावतो. फिरत्या यंत्रात हे सगळं ओघात होतं. भराभर, पण चित्त तिथे हवं.
घरी येताना यांना म्हटलं, साधंच घेऊ. म्हणाले, तुझा जन्म काटकसरीत गेला.

रवि. २८ सप्टें.
सकाळी यांनी चहात साखर घातली, ढवळली. पेपर चाळला. परत साखर घातली, ढवळली. प्यायले. शेवटच्या घोटापर्यंत.
कोणाचंही होतं असं. माझंही होतं.
पण मागल्या आठवड्यात यांनीच आमटीत मीठ दोनदा घातलं. आणि पूजेत बाळकृष्णाला दोनदा गंध.

शनि. ४ ऑक्टो.
घटस्थापना. सेल संपला, मनातून बरं वाटलं. यांना नाही. वॉल्टर म्हणाला, माझं जुनं यंत्र घेऊन जा, वापरून बघा, आवडलं तर चाळीस डॉलर द्या, दिवाळीपर्यंत सांगा. दिवाळी हा शब्द त्याने यांच्याकडून उचललाय.
विद्याला फोनवर साखरेचं सांगितलं. डॉक्टरला दाखव म्हणाली. यांना विचारलं तर, "मला काय धाड भरलीय?"

रवि. १२ ऑक्टो.
खंडेनवमी. विळी, सुरी, शिवणयंत्र, यांची जुनी मोजपट्टी, सगळं पाटावर मांडलं. मधोमध वॉल्टरचं यंत्र. हळदकुंकू, झेंडू, दांड्याला दोरा. वॉल्टरलाही बोलावलं. तो टोपी काढून उभा. म्हणाला, याला आजवर कोणी फूल वाहिलं नव्हतं.
जेवणानंतर यांना दम निघेना. मी म्हटलं, पहिल्या दिवशी दारू नाही. रव्याने करून बघा. वॉल्टरने मान डोलावली. वाटीभर बारीक रवा दिला. फळीत पुंगळ्या उभ्या केल्या, हे एकेकीत माप घालू लागले. सुरेख हात चालत होता, फॅक्टरीत ड्रॉइंगच्या टेबलाशी चालायचा तसा. वॉल्टर क्लबातली गंमत सांगत होता, हे हसले, पुढे भरू लागले.
भरून झाल्यावर टॉर्च मी घेतली. तांदूळ निवडायची सवय, डोळा बरोबर अडतो. दुसऱ्या ओळीतल्या एका पुंगळीत रवा वर आलेला. काढून वाटीत ओतला. दोन मापं.
वॉल्टरने वाटीत पाहिलं. टोपीशी चाळा करत राहिला.
मी म्हटलं, "अहो, हे बघा."
त्यांनी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "तू आहेस ना बघायला."
रव्याचा सांजा केला नाही. पक्ष्यांना टाकला.

मंगळ. १४ ऑक्टो.
काल सोनं वाटायला आपट्याची पानं नव्हती, अंगणातल्या मेपलची दिली. यांनी एक पान यंत्रावरही ठेवलं.
यंत्र कुठलं, हे ठरलं. आता यंत्राचा प्रश्नच नाही. नको म्हणावं तर हे परत सोफ्यावर. हो म्हणावं तर प्रत्येक पुंगळीला माझी टॉर्च, आणि एखाद्या दिवशी मी देवळात गेलेली असताना...
थोरल्या भावाला, आण्णाला विचारावं. जन्म दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणीवर गेला त्याचा. आज टाकलेल्या पत्राची नक्कल:
"ती. आण्णास सा. न. इकडे क्षेम. यांनी काडतुसं भरायचं मनावर घेतलंय, यंत्र शेजाऱ्याचं, चांगलं आहे. पण यांना हल्ली केलेलं काम केल्याचं आठवत नाही, परत करतात. तुमच्याकडे भरणारा एक आणि तपासणारा दुसरा असायचा, असं तू सांगायचास. भरणारा असा झाला, तर तपासणाऱ्याने नुसतं तपासत राहायचं, की त्याला त्या बाकावरून उठवायचं? आणि उठवलं तर तो माणूस पुढे काय करायचा? मला तेवढंच सांग, डॉक्टरचं विद्या बघतेय. यंत्र देवघराशेजारी झाकून ठेवलंय, दारू अजून आणू दिली नाही. दिवाळीला वॉल्टरला हो-नाही सांगायचं आहे. उलट टपाली कळव."